धावणे, श्रद्धा आणि फुटबॉल : मानसिक स्वास्थ्याचे तीन आधार (जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन)

गोषवारा

धावणे, श्रद्धा आणि सांघिक खेळ यांचा मनाच्या स्वास्थ्याशी निकटचा संबंध आहे, हे सर्वमान्य आहे. मात्र हा संबंध नेमका कसा घडतो, याची चर्चा आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील भरतीसाठी धावणारे तरुण, गावोगावचे हरिनाम सप्ताह व जिल्ह्यातून जाणाऱ्या पालख्या, तसेच कोल्हापूर व नागपूर येथील फुटबॉलची परंपरा यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. या तिन्ही साधनांच्या मुळाशी ‘समूहात आपली ठरलेली जागा असणे आणि आपली वाट पाहणारे कोणीतरी असणे’ हे समान सूत्र आहे. ते निसटले की हीच साधने मनावरचे ओझे बनतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मानसिक स्वास्थ्य, धावणे, श्रद्धा, हरिनाम सप्ताह, वारी, फुटबॉल, महाविद्यालयीन युवक.

१. प्रस्तावना

पहाटे साडेपाचच्या सुमारास जालना शहरातील किंवा तालुक्याच्या गावातील कोणत्याही मोकळ्या मैदानावर गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. अंगात जुनी बनियन, पायात झिजलेले बूट, हातात मोबाइलवरील घड्याळ अशा अवस्थेत पंधरा-वीस तरुण मैदानाला फेऱ्या मारीत असतात. त्यांतील बहुतेक जण शेतकरी अथवा शेतमजूर कुटुंबांतील असतात. कपाशी, सोयाबीन आणि मोसंबी यांवर ज्या घराचा हिशोब चालतो, त्या घरातील हा मुलगा पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करीत असतो. तो धावतो ते आरोग्यासाठी नव्हे, नोकरीसाठी.

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा बियाणे व पोलाद उद्योगांसाठी राज्याबाहेरही ओळखला जातो. परंतु जिल्ह्याची बहुसंख्य वस्ती ग्रामीण असून ती पावसावर अवलंबून आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ज्या झाडाला उभे करण्यास पाच-सहा वर्षे लागतात, ते सरपणाला जाताना पाहिलेल्या पिढीतील मुले गेल्या काही वर्षांत आपल्या वर्गात येऊन गेली. त्यांच्या मनावरील ताण हा केवळ परीक्षेचा ताण नव्हता, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारापासून दूर होते. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. जालना येथे ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास राज्य शासनाने २०२२ मध्ये मंजुरी दिली, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि रुग्णालय हे आजारानंतरचे ठिकाण आहे. आजारापूर्वीचा जो मोठा प्रदेश आहे, तेथे माणसाला सावरून धरणारी साधने कोणती, हा प्रश्न शिक्षकाच्या कक्षेत येतो.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

(अ) धावणे, श्रद्धा व फुटबॉल यांचा मानसिक स्वास्थ्यावर होणारा परिणाम कोणत्या मार्गाने घडतो, हे समजून घेणे. (आ) या तिन्हींतील समान सूत्राचा शोध घेणे. (इ) ही साधने कोठे अपुरी पडतात हे स्पष्ट करून महाविद्यालयांसाठी काही व्यवहार्य सूचना करणे.

प्रस्तुत लेख प्रकाशित संशोधन आणि लेखकाचे प्रत्यक्ष निरीक्षण यांवर आधारलेला आहे. हे निरीक्षण म्हणजे सर्वेक्षण नव्हे. त्यामुळे त्यावरून कोणताही संख्यात्मक निष्कर्ष काढलेला नाही. ‘श्रद्धा’ हा शब्द येथे कोणत्याही एका धर्माच्या अर्थाने न वापरता, माणसाला स्वतःहून मोठ्या असलेल्या आधाराशी व त्या आधारावर विसंबणाऱ्या समूहाशी जोडणारी वृत्ती या व्यापक अर्थाने वापरला आहे.

३. धावणे : शरीरातून मनाकडे

धावल्यानंतर मन हलके होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचे श्रेय दीर्घकाळ ‘एंडॉर्फिन’ या द्रव्याला दिले जात असे. परंतु रक्तातील एंडॉर्फिन रक्त व मेंदू यांमधील संरक्षक पडदा सहजासहजी ओलांडत नाही, ही या उपपत्तीतील अडचण होती. २०२१ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन काही धावपटूंची तपासणी केली. तरीही धावल्यानंतरची प्रसन्नता कायम राहिली. त्यामुळे ‘एंडोकॅनाबिनॉइड’ या शरीरातच तयार होणाऱ्या दुसऱ्या द्रव्यसमूहाकडे अभ्यासकांचे लक्ष वळले आहे. याखेरीज नियमित धावण्याने झोप सुधारते, ताणाच्या प्रसंगी वाढणारी हृदयाची धडधड शरीराच्या परिचयाची होते आणि श्वासाची लय मनातील विचारांचे चक्र काही काळ थांबविते. ज्याला रात्र रात्र कर्जाचा विचार सोडत नाही, त्याच्या दृष्टीने अर्ध्या तासाची ही विश्रांती लहान नव्हे.

या संदर्भात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात तीव्र नैराश्य असलेल्या १५६ प्रौढांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला औषध, दुसऱ्याला व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखी आढळली. मात्र व्यायाम करणारे सर्व जण आठवड्यातून तीनदा एकत्र जमत होते. मग गुण व्यायामाचा की सोबतीचा, अशी शंका साहजिकच उपस्थित झाली. म्हणून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात २०२ व्यक्तींपैकी काहींना गटात, तर काहींना घरी एकट्याने व्यायाम करण्यास सांगण्यात आले. गटातील ४५ टक्के, घरी व्यायाम करणाऱ्यांपैकी ४० टक्के, औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के, तर औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के व्यक्ती नैराश्याच्या कक्षेबाहेर आल्या. याचा अर्थ असा की, व्यायामाला स्वतःचा गुण आहे. मात्र नुसती आशा व देखरेख यांनीही पुष्कळ माणसे सावरतात, ही गोष्टही तितकीच ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता आपल्या मैदानाकडे वळू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण असतात. ५ मिनिटे १० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागल्यास पूर्ण गुण मिळतात. वेळ वाढत जाईल तसे गुण घटत जातात. शंभर मीटर धावणे व गोळाफेक यांचे प्रत्येकी १५ गुण धरून मैदानी चाचणी ५० गुणांची होते आणि तीत निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा विचार होत नाही. या व्यवस्थेत काही गैर आहे असे नाही. परंतु मनाला विसावा देणारी क्रिया येथे मनाला टांगणीला लावणारी क्रिया होते. फेरी संपताच तरुण आकाशाकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहतो.

प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे उदाहरण येथे नमूद करणे आवश्यक वाटते. दोन वर्षे तो एकही पहाट न चुकविता धावत असे. भरतीत अवघ्या काही सेकंदांनी त्याचे गुण कमी पडले. दुसऱ्या दिवसापासून त्याचे मैदान सुटले, पाठोपाठ वर्गही सुटला. महिनाभर हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होत राहिली. ती खूण प्रस्तुत लेखकानेच केलेली होती. अनुपस्थितीची नोंद झाली, दखल मात्र घेतली गेली नाही. पुढे गावातील सप्ताहाच्या निमित्ताने तो कसा परतला, हे पुढील विभागात येईल. येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, त्याला दोन वर्षे धावण्याचा जो लाभ मिळत होता तो निकालाबरोबर संपण्याचे शारीरिक कारण काहीच नव्हते. पाय तेच होते आणि मैदानही तेच होते. धावण्याला एकच अर्थ दिला गेला होता आणि तो अर्थ एका सकाळी नाहीसा झाला, हे खरे कारण होय.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. मराठवाड्यातील तरुणांना त्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शंभर धावणाऱ्यांतून एक साबळे घडत असताना उरलेल्या नव्याण्णवांसाठी धावणे कशासाठी, याचे उत्तर शिक्षकांजवळ असले पाहिजे.

४. श्रद्धा : आधार आणि समूह

जालना जिल्ह्याला श्रद्धेची समृद्ध परंपरा आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ मधला. लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बारा वर्षांचा नारायण पळून गेला, ही कथा परंपरेने घरोघरी पोहोचविली आहे. त्यानंतर नाशिकजवळ टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे गोदावरीच्या पात्रात उभे राहून जप केला आणि नित्य सूर्यनमस्कार घातले, असे संप्रदायात सांगितले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, समर्थांनी २०५ श्लोकांची एक संपूर्ण रचना मनाला उद्देशून केली. मनाशी बोलता येते, त्याला समजाविता येते, ही कल्पना त्यामुळे मराठी घरात लहानपणापासून रुजली. दुसरी अशी की, मनाला उपदेश करणाऱ्या या संताने ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली आणि उपासनेला बलोपासनेची जोड दिली. मन व शरीर यांना वेगवेगळ्या खात्यांत टाकण्याची आजची सवय त्यांना नव्हती.

मात्र श्रद्धेचा आधार केवळ वैयक्तिक चिंतनातून येतो असे मानणे अपुरे ठरेल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवरील ग्रंथात मांडलेला विचार आजही उपयुक्त आहे. धर्म माणसाला वाचवितो तो मुख्यतः त्याच्या मतांमुळे नव्हे, तर तो माणसांना समूहात घट्ट गुंफतो म्हणून, असा त्यांचा युक्तिवाद होता. याला भारतीय पुरावाही उपलब्ध आहे. २०११ मध्ये प्रयाग येथील माघ मेळ्यात महिनाभर कल्पवास करणाऱ्या ४१६ व्यक्तींची आणि मेळ्यास न गेलेल्या १२७ व्यक्तींची तुलना करण्यात आली. थंडी, गर्दी, गोंगाट व गैरसोय सोसूनही मेळ्यास गेलेल्यांनी परतल्यानंतर आपले स्वास्थ्य सुधारल्याचे सांगितले. न गेलेल्यांत तसा बदल दिसला नाही. पुढील विश्लेषणात या सुधारणेचा संबंध सहयात्रिकांविषयी वाटणाऱ्या आपलेपणाशी असल्याचे आढळले.

आपल्याकडे याचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे वारी. आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी देऊळगाव राजामार्गे जालना व अंबडवरून पुढे शहागडकडे जाते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना याच जिल्ह्यातून जाते. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला सुमारे पंचवीस किलोमीटर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला गर्दी होते. जालन्यातील जानअल्लाशाह दर्ग्याचा उरूस, विहारातील वंदना, चर्चमधील रविवारची प्रार्थना यांतही हेच तत्त्व काम करते. वारीत दिंडीला क्रमांक असतो, दिंडीत विणेकऱ्याची, टाळकऱ्याची, तुळस घेतलेल्या स्त्रीची जागा ठरलेली असते. शिवाय वारीला धावणेही परके नाही. रिंगणात अश्वांबरोबर पताकाधारी व विणेकरी धावतात. वेळापूरजवळच्या टेकडीवरून पंढरीच्या ओढीने वारकरी उतारावर धाव घेतात, त्याला ‘धावा’ असेच नाव आहे. या धावेत कोणी घड्याळ लावीत नाही, पहिला कोण याची नोंद होत नाही आणि वृद्ध माणूस मागे राहिला तर त्याची धाव वाया जात नाही.

वारी वर्षातून एकदा येते. गावचा अखंड हरिनाम सप्ताह त्याहून जवळचा असतो. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन आणि अखेरीस काल्याचे कीर्तन असा त्याचा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील एका प्रथेकडे मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले जात नाही. ती प्रथा म्हणजे विण्याचा पहारा. सात दिवस व सात रात्री वीणा खाली टेकत नाही; ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यासाठी गावात पाळ्या लावल्या जातात. रात्री दोनच्या पाळीला ज्याचे नाव आहे तो आला नाही, तर आधीचा पहारेकरी वीणा घेऊन ताटकळत उभा राहतो. म्हणून त्याला उठवायला कोणीतरी घरी जाते.

वर उल्लेखिलेला विद्यार्थी याच मार्गाने परतला. भरतीतील अपयशानंतर तो घराबाहेर पडत नव्हता. गावच्या सप्ताहात त्याच्या आजोबांच्या काळापासून त्यांच्या घराकडे रात्रीचा एक पहारा होता. तिसऱ्या रात्री शेजारचे काका कंदील घेऊन दारात आले. त्यांनी भरतीची चौकशी केली नाही, उपदेश केला नाही. “पाळी आहे, चल” एवढेच म्हणाले. ही हकिकत त्याने नंतर महाविद्यालयात येऊन स्वतः सांगितली. सप्ताहाने त्याला नोकरी दिली नाही. परंतु आपल्यावाचून एक जागा रिकामी राहते, हे त्याला कळले. नेमके हेच आम्ही वर्गात त्याला कळू दिले नव्हते.

श्रद्धेची दुसरी बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटाला तोंड देण्याच्या धार्मिक रीतींचे सहायक व बाधक असे दोन प्रकार दाखविले आहेत. ‘देव माझ्याबरोबर आहे’ ही भावना बळ देते. ‘देव मला शिक्षा करीत आहे’ ही भावना दुःखात अपराधाची भर घालते. नैराश्याला करणी समजून बुवाबाजीच्या नादी लागणे, उपचार थांबविणे, व्रतात कसूर झाली म्हणून स्वतःला दोष देणे हे प्रकार आपल्या जिल्ह्यात अपरिचित नाहीत. तेव्हा आधार देणारी श्रद्धा व दोष देणारी श्रद्धा यांत भेद करण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना देणे, हे आपले काम आहे.

५. फुटबॉल : चूक वाटून घेणारा खेळ

जालना जिल्ह्यात क्रिकेट, कबड्डी व खो-खो यांच्या तुलनेत फुटबॉलचे प्रस्थ कमी आहे. भारतात होणाऱ्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातील शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम झाला आणि शाळांना चेंडूही देण्यात आले. पण चेंडू मिळाल्याने परंपरा निर्माण होत नाही. परंपरा कशी निर्माण होते हे पाहण्यासाठी कोल्हापूरकडे पाहावे लागेल.

कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो पेठांच्या तालमींतून. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही संघांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. कुस्तीचा आखाडा, मारुतीची मूर्ती आणि फुटबॉलचा संघ ही एकाच छपराखालची मंडळी. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे व पारगाव येथील मारुती याच जिल्ह्यात आहेत, हा योगायोग येथे आठवतो. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनने या संघांना एका सूत्रात बांधले आणि शाहू स्टेडियमवरील सामन्यांनी पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक घडविले. २०१७ च्या त्या विश्वचषकात भारतीय संघाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. कोल्हापूरच्या पेठेतील मुलगा संघात निवडला जावो वा न जावो, पेठेचा असतोच. एखाद्या सामन्यात गोल चुकला तरी त्याची तालीम सुटत नाही. हीच निष्ठा कधी ईर्ष्येला व हाणामारीला कारण होते, हेही नाकारता येत नाही. पण तो दोष आपलेपणाचा नसून आपलेपणाला कुंपण घालण्याचा आहे.

फुटबॉलचे दुसरे उदाहरण प्राध्यापकवर्गाला अधिक जवळचे आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळणारी वस्तीतील मुले पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ व पुढे ‘स्लम सॉकर’ हे कार्य उभे राहिले. बेघरांच्या विश्वचषकात भारताचे संघ पाठविण्यापर्यंत ते गेले. नागराज मंजुळे यांच्या २०२२ मधील ‘झुंड’ या चित्रपटामुळे ते सर्वदूर पोहोचले. व्यसन व गुन्हेगारी यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या मुलांना बारसे सरांनी प्रथम प्रवचन दिले नाही, प्रथम संघातील जागा दिली.

धावणे व फुटबॉल यांतील फरकही अभ्यासिला गेला आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी व्यायामाची सवय नसलेल्या स्त्रियांचे धावणाऱ्या व फुटबॉल खेळणाऱ्या असे गट करून त्यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराला दोन्ही खेळांचा लाभ होतो. परंतु धावणाऱ्या स्त्रिया बोलताना प्रामुख्याने ‘मी’विषयी बोलत, तर फुटबॉल खेळणाऱ्या ‘आम्ही’विषयी बोलत, असे त्यांना आढळले. फुटबॉलमध्ये लक्ष सतत बाहेर, चेंडूकडे व सोबत्याकडे असते. स्वतःच्याच विचारात गुरफटण्यास तेथे अवकाश नसतो. शिवाय या खेळात प्रत्येक जण प्रत्येक मिनिटाला काही ना काही चुकतो आणि चेंडू लगेच पुढे जातो. चूक सोसून खेळत राहण्याचे असे शिक्षण आपल्या परीक्षापद्धतीत कोठेही नाही.

१८९७ मध्ये मद्रास येथील व्याख्यानात स्वामी विवेकानंदांनी तरुणांना सांगितले होते की, गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल. या विधानाचा उपयोग अनेकदा गंमत म्हणून केला जातो. गीतेला कमी लेखण्याचा त्यांचा हेतू नव्हता. दुर्बल शरीर-मनाला गीता पेलणार नाही, म्हणून आधी बळ कमवा, असा त्याचा आशय होता. जांबच्या समर्थांचा बलोपासनेचा आग्रह आणि हा उपदेश यांत अंतर फारसे नाही.

६. तिन्हींतील समान सूत्र

वरील विवेचनावरून असे दिसते की, शरीरावरील परिणाम धावण्यात सर्वाधिक स्पष्ट आहे, अर्थ देण्याची शक्ती श्रद्धेत सर्वाधिक आहे, आणि सोबतीचे शिक्षण फुटबॉलमध्ये सर्वाधिक आहे. तरीही तिन्हींना जोडणारा धागा एकच आहे. विण्याच्या पहाऱ्यात पाळी असते, दिंडीत जागा असते, संघात स्थान असते, पहाटेच्या टोळीत एक नाव असते. त्या जागी आपण नसलो तर कोणीतरी ‘का आला नाही?’ असे विचारते. मनाला सावरणारी शक्ती बव्हंशी या प्रश्नात आहे.

याउलट, जेथे हे सूत्र तुटते तेथे साधन उलटते. निकालापुरते धावणे निकालाबरोबर संपते, भीतीवर उभी असलेली श्रद्धा दोष देऊ लागते, आणि विजयापुरता संघ पराभूताला बाहेर टाकतो.

७. मर्यादा व सूचना

ही साधने उपचाराची जागा घेऊ शकत नाहीत, हे निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. जर्मनीचा राष्ट्रीय संघातील गोलरक्षक रॉबर्ट एन्के याचे नोव्हेंबर २००९ मध्ये नैराश्यातून निधन झाले. संघ, कीर्ती, व्यायाम सारे असतानाही आजार हा आजारच असतो. सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप व भूक यांत बदल, जगणे निरर्थक वाटणे अशी लक्षणे दिसल्यास विद्यार्थ्याला ‘पळून ये, बरे वाटेल’ असे न सांगता तज्ज्ञाकडे नेले पाहिजे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फलकावर असावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय आरोग्यसेवेतून मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा खटल्यात दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक अथवा मानसशास्त्रज्ञ नेमणे अपेक्षित आहे.

महाविद्यालयांना पुढील गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील :

१. पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवून आठवड्यातून एक दिवस घड्याळाविना धावण्याचा ठेवावा. भरतीत न निवडलेल्यांनाही, विशेषतः त्यांनाच, त्या दिवशी बोलवावे.

२. फुटबॉल केवळ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या निवडीपुरता न ठेवता वर्गनिहाय संघ करावेत. संघात प्रत्येकाला स्थान मिळेल, अशी नियमांची रचना करावी.

३. विद्यार्थिनींसाठी मैदानाची वेळ राखून ठेवावी. पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावणे त्यांना शक्य नसते. त्यामुळे हे साधन त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

४. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील सप्ताह, उरूस, विहार येथील सामूहिक प्रथांचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. त्याच वेळी नैराश्य व अंधश्रद्धा यांविषयी स्पष्ट चर्चा घडवावी.

५. सलग आठ दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याला वर्गशिक्षकाने स्वतः दूरध्वनी करावा. हा दूरध्वनी शिस्तीसाठी नसून चौकशीसाठी असावा.

८. समारोप

धावणे, श्रद्धा आणि फुटबॉल या वरकरणी तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जेथे ऋतू बेभरवशाचा आणि नोकरी दुर्मिळ आहे, तेथे तरुणाच्या मनाला आधार देणारी ही साधने आपल्या अवतीभोवती आधीपासूनच आहेत. त्यांच्यातील माणूसपण निसटू न देणे एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे. तो विद्यार्थी पुढे पदवी घेऊन बाहेर पडला. आजही तो अधूनमधून मैदानावर येतो, आता मोबाइलवरील घड्याळ न लावता. त्याच्याबरोबर गावातील दोन-तीन लहान मुले असतात. एखाद्या दिवशी त्यांतील एखादा दिसला नाही, तर तो फेरी थांबवून इतरांना विचारतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या हजेरीपत्रकाकडे त्यानंतर वेगळ्या दृष्टीने पाहण्यास प्रारंभ केला आहे.